जोडी शोधा

ब्रीफमध्ये लिहिलं होतं : आनंद.
त्याखाली बारीक अक्षरात : माणशी चाळीस सेकंद.

मोजे फुकट वाटायचे होते,
लेस्टरच्या क्लॉक टॉवरपाशी, नोव्हेंबरातल्या शनिवारी.
नुसते दिले की लोक घेतात आणि चालू लागतात,
फिलिपा म्हणाली, हातांनी हवेत काहीतरी फुगवत,
त्यांना जरा खेळवायला हवं.

मला सोरट आठवलं.
म्हसवडच्या जत्रेत, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या
रंगीत कागदाच्या घड्या. चार आण्यात एक उचकटायची.
आत बहुतेक वेळा काही नाही, नाहीतर कंगवा.
टक्कल पडलेल्या रंगामामाला तीन वर्षं ओळीने कंगवाच लागला
आणि तिन्ही वर्षं तोच सगळ्यांत जास्त हसला.
फिलिपाला यातलं काही सांगितलं नाही.
ग्राहकाचा प्रवास, असं म्हटलं
आणि बाणांचं एक चित्र काढलं.

मग ऑस्विन सुतारानं प्लायवूडचं
दोन पुरुष उंच वॉशिंग मशीन बांधलं.
सृष्टी उत्पन्न झाल्यापासून गिळलेले मोजे
आता त्याने ओकायचे, अशी कल्पना.
गोल दारात हात घालायचा, एकच मोजा निघायचा,
तळव्यावर आकडा विणलेला.
त्याच आकड्याचा दुसरा मोजा या गर्दीत कुणाकडे तरी.
त्याला शोधून आणा, दोघांनाही अख्खा जोड.

सकाळी अकराला रांग थेट बुटांच्या दुकानापर्यंत.
फुकट म्हटलं की सगळ्या देशांत
माणसाची मान सारखीच लांब होते.
माणसं मोजे झेंड्यासारखे हलवत ओरडत होती,
दोनशे सहा! कुणी दोनशे सहा?
एका पोलिसाला एक नवरी मिळाली, लग्नाच्या कपड्यात.
मी घड्याळ लावून बसले होते. अडतीस. बेचाळीस. छत्तीस.

दमयंतीबेनना चारशे सतरा आला.
त्यांनी आकडा पाहिलाच नाही.
मोजा उलटा केला, मुठीवर चढवला,
बोटांकडची शिवण अंगठ्याने चाचपली
आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या,
ढिली छे.

जिंजाहून आल्या बहात्तर साली.
त्यानंतर सव्वीस वर्षं होजियरीत, लिंकिंगला :
गोल फिरणारी सुयांची चकती,
मोज्याचा एकेक टाका एकेका सुईवर चढवायचा,
एक चुकला की अंगठा बाहेर.
पगार महिन्याचा नाही. डझनाच्या हिशेबाने.
कारखाना? तिथे आता फ्लॅट. वर जिम.
मी मराठीत विचारत होते, त्या गुजरातीत सांगत होत्या,
मध्ये कुठे अडत होतं ते इंग्रजीत बुजवत होतो.

मागची रांग तोवर चुळबुळली, मग वाकली,
मग त्यांच्याभोवती गोल झाली.
स्केटबोर्ड घेतलेला एक मुलगा घुसला,
चारशे सतरा, चारशे सतरा, तुमच्याकडे आहे ना?
त्याला त्यांनी मोबाइलचा उजेड धरायला लावला.
पर्समधून सुई निघाली.
दोन्ही मोज्यांची तोंडं त्यांनी तिथेच,
ऑस्विनच्या रंगाच्या डब्यावर बसून, पक्की केली.
मुलगा अजिबात हलला नाही.
अकरा मिनिटं, वीस सेकंद.
पुढच्याने आपला मोजा आधीच उलटा करून ठेवला होता.

मशीन तिकडे गोल दार उघडं टाकून उभं,
बक्षीस लागलं नाही अशा चेहऱ्याचं.

दुपारी तीनला फिलिपा आली. गोल पाहिला,
आकडे पाहिले. माझं चाळीसचं गणित
केव्हाच बुडालं होतं.
ती माझ्या कानाशी वाकली :
छानच आहे हे. या बाई कुठल्या एजन्सीकडून?
उद्या मिळतील का? दर काय त्यांचा?

मी म्हटलं,
डझनाच्या हिशेबाने.