दुसरा अल्बम

कुडचड्याच्या स्टेशनामागं, जुझेच्या तावेर्नात
वाद तिथूनच सुरू होतो
जिथं गेल्या शनिवारी बाटली संपली होती.
‘सॉल्टपॅन’. वास्कोची चार पोरं, तीन अल्बम, मग पांगापांग.

रोमाल्द म्हणतो, पहिला. ड्रमचं कातडं सैल, गायकाला सर्दी,
पण पोरं उपाशी होती, ते ऐकू येतं.
उपेंद्र तिसऱ्याचा. त्याला सफाई आवडते,
लग्नही त्यानं तसंच केलं.

मी दुसऱ्याचा.
वीस वर्षं एकटाच.

‘दुसऱ्यात आहे काय रे? नुसती धावपळ!’
धावपळ?
माझा दुसरा तर चढावर दमलेल्या ट्रकसारखा चालतो,
सूर ओढत, जड,
गायक जणू विहिरीत उतरून गातोय.

रोमाल्द मोबाईल टेबलावर ठेवतो. ऐक.
स्वच्छ. चपळ. अर्धा सूर वर.
हे कोण गातंय?

माझी कॅसेट खनिजाच्या ट्रकात होती,
डॅशबोर्डवर, तीन उन्हाळे,
सावर्ड्याच्या धक्क्यावरच्या रांगेत.
टेप ताणली गेली असणार.
म्हणजे ज्याच्यासाठी मी भांडलो
तो अल्बम त्या पोरांनी केलाच नव्हता,
निम्मा तरी उन्हानं केला.

जुझे खडूनं हिशेब मांडतो.
उपेंद्र खुशीत, ‘हरलास मरे!’
मी शेंगदाण्याची सालं फुंकतो, टेबलाच्या त्या टोकापर्यंत.
दुसराच, म्हणतो.
आणि पुढच्या शनिवारी हुर्राक माझ्याकडून.