बरणी

हजेरीपटावरची नावं आमच्यात अजून तीच.
ती खानवलकर, मी गर्दे.
मधे सासरं आली, आधार कार्डं आली,
पण कंपूच्या नाक्यावर टेम्पोत चढता चढता
ती ओरडली ते,
"गर्दे, सरक. मला खिडकी पाहिजे."

टेम्पोला खिडकी नसतेच.
तरी सरकले.

तिच्या घरी सांगितलं होतं, लोणच्याची बरणी आणायचीय,
खुर्ज्याची, मेळ्यात स्वस्त पडते.
माझ्या घरी सांगितलं,
तिला एकटीला बरणी उचलवत नाही.

अकरा वाजले तरी धुकं उठायला तयार नाही,
किल्ला सकाळपासून रजेवर,
आणि खानवलकर म्हणते, आधी सॉफ्टी.
स्वेटरवर स्वेटर, दात वाजतायत.
"थंडीत वितळत नाही, निवांत खाता येते,"
हे तिचं शास्त्र.
नववीतही ती अशीच प्रमेयं सिद्ध करायची.

बरणी घेतली. पिवळ्या गळ्याची, पांढऱ्या पोटाची,
बांधा साधारण आमचाच.
दुकानदार साडेचारशेवर अडलेला, ही तीनशेवर.
मी मधे पडले तर म्हणाली,
"तू गप्प. तू गणितात काठावर पास."
तीनशे साठ, आणि वर एक मीठदाणी.

मग आकाशपाळणा.
पाळणेवाला पोरगा म्हणाला,
"अम्मा, मटके का टिकट अलग लगेगा."
"मटका काय रे," खानवलकर मराठीतच उखडली,
"बरणी आहे ती, बरणी."
शेवटी मधे घेऊन बसलो तिला,
हट्टी नातवासारखी.

अगदी वर गेलो आणि पाळणा थांबला.
खाली कुणीतरी चढत होतं.
धुक्यात फक्त आम्ही,
एक हातातून सुटलेला फुगा,
आणि भोंग्यावर कुणाचं तरी हरवलेलं मूल:
निळा टोपा, नाव गोलू.

तिनं डोळे मिटले, बरणी आवळली
आणि भडाभडा ओकली,
"गर्दे, तो पृथ्वीचा गोल मी फोडला होता.
बाईंना तुझं नाव मीच सांगितलं."

तीन दिवस.
तीन दिवस मी वर्गाबाहेर उभी होते,
व्हरांड्यातल्या चिमण्या मोजत.
आणि मधल्या सुट्टीत हीच
आपली गूळपोळी आणून द्यायची मला,
अख्खी, स्वतः उपाशी राहून.
चाळीस वर्षं मी त्याला
मैत्री समजत आले!

मला जे हसू फुटलं,
की पाळणा गदगदा हलायला लागला.
"हसू नको, मेले, पडू आपण," ती किंचाळली,
आणि मग तीही.
दोघींच्या मधे बरणी खुळखुळत होती,
तिलाही काहीतरी आठवल्यासारखी.

उतरलो तोवर गोलू सापडला होता.
पोरगा विचारतो, "अम्मा, डर गईं क्या?"
डोळे पुसत होतो आम्ही, त्याचं चूक नव्हतं.

शिक्षा मी सुनावली:
पापड तिचा, ताटाएवढा, गजक तिची,
टेम्पोचं भाडं तिचं,
आणि बरणी शेवटपर्यंत तिच्याच कडेवर.
मुकाट्यानं ऐकलं. हे तिनं आयुष्यात
पहिल्यांदा केलं.

रात्री साडेनऊला फोन.
"गर्दे, झाकण नाही गं!
पाळण्यात राहिलं वाटतं."
"अरेरे," मी म्हटलं, "मग परत जावं लागेल."
"रविवारी?"
"रविवारी."

झाकण माझ्या शालीत होतं.
उलटं करून त्यात
सध्या बडीशेप ठेवलीय.