रूम नंबर अकरा, सोहार

जुम्म्याची नमाज सुटली की
माझ्या खाटेवर दुकान लागतं.
रोडेलचा राइस कुकर – फ्यूज उडालाय,
दीडशे बैसांचं काम.
शफीकुलचा चार्जर – कपॅसिटर टम्म,
रात्रभर भिजलेल्या वाटाण्यासारखा.
सोल्डरची राळ जळते, डोळ्यांत जाते.

काहीही उघडा, आत वाळू निघते.
दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडतो,
ती माझ्याच गादीवर पडते,
रात्री पाठीला लागते.

साडेचारला वॉचमन गुलदाद येतो,
फडक्यात रेडिओ.
तिसरा शुक्रवार.
मीटर लावतो. सेल ठीक, स्पीकर ठीक,
आवाजाचं बटण तेवढं शून्यावर फिरवलेलं.
तो रेडिओकडे बघतही नाही.
खाटेच्या कडेला टेकून
चहा फुंकत बसलाय,
शफीकुलच्या भांडणात मधूनच हसतोय.

अवघड आहे चाचा, मी म्हणतो,
वेळ लागेल.

चारही स्क्रू काढतो. पुसतो.
उजेडात धरून बघतो, डॉक्टरसारखा.
मग सावकाश
तीनच लावतो.
चौथा दूध पावडरीच्या डब्यात,
टण्णकन.

झाकण जरा हलतंय, म्हणतो,
पुढच्या शुक्रवारी आण.