करंगळी

गच्चीची किल्ली सेक्रेटरी पिसोळकरांकडे.
कारण विचारलं. रजिस्टरमध्ये लिहिलं मी:
'शुक्र-गुरू, पाऊण तास.'
त्यांनी खाली सही केली,
जणू हे दोघे आमच्याच सोसायटीत भाड्यानं राहतात.

धानोरी. फाल्गुन. टाकीची तोटी गळतेय.
ट्रायपॉडचा एक पाय बुटाच्या नाडीनं बांधलेला,
लेन्स जुन्या बाजारातली, आत बुरशीचा एक ठिपका.
पश्चिमेला उजेड उरलेला,
ताक ओतून झाल्यावर भांड्याला राहतो तेवढा,
आणि त्यात ते दोघे:
एक ठसठशीत, एक जरा मवाळ.

एक सेकंद. दोन सेकंद.
लोहगावला उतरणारं विमान मधे आलं,
फ्रेमवर पांढरी रेघ ओढून गेलं.
पुन्हा.
खालून कुणाची तरी मिरचीची फोडणी वर आली,
मी शिंकलो, एका गुरूचे तीन गुरू झाले.
पुन्हा.

रमजानभाई टाकी बघायला वर आले.
मी समजावत बसलो: युती, अंश, कक्षा,
दिसायला जवळ, मधे कोट्यवधी किलोमीटर.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तोटी आवळली.
मग म्हणाले,
"गेटवरची खुर्ची पश्चिमेकडंच असती माझी.
महिन्यामागं वीतभर होतं मधी.
मोठी चढायलीय रोज, धाकटी उतरायलीय.
मागल्या आठवड्यात चार बोटं.
काल एक.
आज बघा."

हात लांब करून त्यांनी करंगळी उभी धरली,
एक डोळा मिटला.
शटर उघडंच होतं.

मी त्याच गेटमधून रोज सातला आत येतो,
हॉर्न वाजवून,
त्यांना मान वळवायला लावून.

त्रेसष्ट फोटो. बासष्टांत दोन ठिपके,
टोकदार, नीट, कुणीही काढलेले असतील असे.
एकात फक्त करंगळी,
टॉवरच्या लाल दिव्यानं कड रंगलेली,
नखात तोटीचा गंज.
त्यामागे दोघे असणार.

किल्ली परत देताना पिसोळकर म्हणाले,
"आले का नीट?"
"झाकले गेले."
"ढग होते?"
"नव्हते," म्हटलं,
आणि रजिस्टरात परतीची वेळ लिहिली.