माझगावची शेगडी

डॉकयार्ड रोडच्या माझ्या टपरीत
फिलोमिनाबाईंनी ठेवली कॉइलची शेगडी,
वर घडी घातलेलं लाइटबिल.
शेगडीच्या पाटीवर हजार वॅट.

मीटर लावला.
व्होल्टेज दोनशे तीस, करंट पाच.
बिलामागेच भागलं : सेहेचाळीस ओहम.
मग गुणलं : साडेअकराशे.

"तार आखूड झालीय. कुणी जोडली?"
"आलेक्सनं. तुटली की
जळकं टोक कापायचा, पीळ द्यायचा.
तीनदा.
चौथ्यांदा तुटायच्या आत तोच..."

मी आकडे पुन्हा तपासले.
अडवणारं कमी झालं की जास्त जळतं;
ओहमचा नियम, दुसरं काही नाही.

"नवी कॉइल ऐंशी रुपये."

त्यांनी गार तारेवरून बोट फिरवलं,
तिन्ही पिळांवर थांबत.
"बिल भरीन मी," म्हणाल्या,
"प्लग तेवढा बदल."