सातवा

अट-बाशीच्या अलीकडे, पॉपलरची झाडं संपतात
आणि वारा सुरू होतो असं ड्रायव्हर म्हणतात,
वारा तर त्याच्या आधीपासूनच असतो,
तिथे तोलोगोनची शेड.
मी तिथे पाने धुते. डिझेलमध्ये. तीन वर्षं झाली.

मुराताली आला दिवेलागणीनंतर.
आठ सिलिंडरचा जुना कामाझ, मागे चिनी फरश्या,
आणि चाल अशी
की बुटात खडा गेलाय पण थांबायला वेळ नाही.
धूर पांढरा, डोळ्यांत चुरचुरणारा.
"मिसिंग मारतोय," तो म्हणाला. "तोरुगार्ट उतरल्यापासून."
शेजारच्या सीटवर त्याचा मुलगा बेकतूर,
काच वर, टोपी डोळ्यांवर.

तोलोगोनचा उजवा कान तोफखान्यात गेला,
डावा अर्धा हातोड्याने खाल्ला.
तो लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवतो
आणि मूठ दातांत धरतो.
थोडा वेळ डोळे मिटून.
मग थुंकतो. "डावीकडे."

तरी मोजणी पहिल्यापासून. दातांवर भरवसा आहे, पण नियम म्हणजे नियम.
एकोणीसचा पाना, नळीचा नट, अर्धा फेरा ढिला.
डिझेल फसफसतं, इंजिन लंगडतं,
हा कामाचा. घट्ट कर, पोरी. पुढचा.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
मग आजारी कोण ते कसं कळायचं?
ज्याला तोडलं तरी कुणाला पत्ता लागत नाही, तो.
मला बाबा आठवले.
ते घर सोडून गेले तेव्हा
आमच्याकडे जेवणाची वेळसुद्धा बदलली नव्हती.

चारपर्यंत शाबूत. पाच, लंगडलं. सहा, लंगडलं.
सात.
नट सुटला, डिझेल माझ्या मनगटावरून बाहीत गेलं,
आणि इंजिन चालत राहिलं
त्याच लयीत, त्याच खोट्या पावलाने,
जसा काही सातवा कधी नव्हताच.

"नोझल असेल," मुराताली म्हणाला. नोझल स्वस्त पडतं.
सहाचं सातला, सातचं सहाला.
सहा ठणठणीत. सात मुकाच.
म्हणजे दुखणं आत.

झाकण काढलं, पुशरॉड ओढला.
गरम, तेलकट. मी फडक्यात धरला.
टेबलावर खिडकीची जुनी काच आहे,
आमच्याकडची सगळ्यात सरळ वस्तू.
तोलोगोनने दांडा तिच्यावर बोटाने लोटला.
चांगला असता तर एका दमात पलीकडे गेला असता.
हा गेला टक, टक,
आणि त्याच्याखाली बॅटरीचा उजेड
नखाएवढा उघडला, मिटला, उघडला.

दांडा असा वाकतो भरल्या गाडीने उतारावर,
चुकीचा गिअर पडला
आणि इंजिन हाताबाहेर किंचाळत सुटलं की.
तोलोगोनला माहीत. मला माहीत.
मुराताली खिशात काडेपेटी चाचपत होता,
आणि तो तर सिगारेट ओढत नाही.
केबिनची काच बोटभर खाली आली होती.

"लोखंड जुनं," तोलोगोन म्हणाला,
नेहमीपेक्षा मोठ्याने, केबिनपर्यंत जाईल इतक्या.
"जुनं लोखंड कधीतरी वाकतंच."

दुसरा दांडा भंगारातल्या इंजिनातून काढला.
टॅपेटला पट्टी लावताना
बेकतूर उतरला, माझ्या हातातली बॅटरी घेतली
आणि उभा राहिला.
उजेड थरथरत होता,
पण पडत होता हवा तिथेच.

पहाटे इंजिन सुरू झालं.
तोलोगोनने स्क्रूड्रायव्हर पुसला, मला दिला.
लोखंड थंड, मूठ खारट,
तिच्यावर त्याच्या दातांचे तीस वर्षांचे खड्डे.
मी त्यांत माझे दात बसवले.
एक, पाच, चार, दोन,
सहा, तीन,
सात.