डार्करूमच्या जागी

माझगावला ताडवाडीच्या नाक्यावर
डॉक्टर रोशन पंथकींचा दवाखाना,
आणि मागे, बेसिनच्या शेजारी,
चार बाय पाचची काळोखी खोली.
एकतीस वर्षं ती खोली माझी होती.

लाल दिवा. दोन डबे, मधे पाण्याचा तिसरा.
फिल्म पाकिटातून सोलायची, नख न लावता,
क्लिपला अडकवून बुडवायची
आणि उभं राहायचं.
बोटांचा आंबूस वास
रात्री भाकरी थापतानाही जायचा नाही.
नवरा म्हणायचा, आज कुणाचे दात कालवलेस पिठात?

बाहेर खुर्चीत माणूस, गालावर हात.
भीतीला पाच मिनिटं मिळाली
की ती अंग धरते.
त्यात कधी फिल्म निघायची कोळशासारखी,
मग पुन्हा खुर्ची, पुन्हा किरण, पुन्हा "हलू नका हं".
आणि डॉक्टर खिडकीशी उभ्या राहून
पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्रात
एक डोळा मिटून कीड शोधायच्या.

आता बोटाच्या दोन पेरांएवढी पट्टी,
शेपटीला वायर, डोक्यावर प्लास्टिकची टोपी.
दाताआड ठेवायची, बाहेर येऊन बटण दाबायचं,
आणि माझा हात बटणावरून निघतो न निघतो
तोच पडद्यावर दाढ,
नारळाएवढी.

गोदीतला वेल्डर कोंडविलकर मान वळवून बघतच राहिला.
म्हणाला, बाई, आमच्या जोडांचेपण फोटो काढतात,
आत पोकळी राहिली का बघायला.
वरून चकचकीत, त्याचा भरवसा नाही.
डॉक्टरांनी पडद्यावर बाण नेला:
दोन दातांच्या सांध्यात, आरशाला न सापडलेली,
मोहरीएवढी सावली.
"मोहरी आहे तोवर भरून टाका," तो म्हणाला,
जसा काही दुसऱ्याच्याच जहाजाबद्दल बोलत होता.

सातवा लागलेली नफिसा परकार
शिशाचा एप्रन पोटावर दोन्ही हातांनी दाबून विचारते,
बाळाला काही?
डॉक्टर म्हणतात, पूर्वीपेक्षा किरण पुष्कळ कमी,
आणि तरी एकच काढू. लागतो तेवढाच.
ती डोळे मिटते, उघडते,
झालं?
झालं.

पूर्वी ग्रँट रोडच्या रूट कॅनालवाल्यांकडे
पाकीट घेऊन मीच जायची, फिल्म अजून ओली,
पदराने वारा घालत.
आता चित्र तिथे पोचून उत्तर परत येतं
आणि माझा चहा उतू गेलेला नसतो.
मागच्या वर्षीची दाढ, यंदाची दाढ,
पडद्यावर शेजारी शेजारी, दोघी बहिणींसारख्या.
खोटं बोलायची सोय नाही.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे, म्हणतात.
माणसाचे तिसरेच असतात.

मला कधी कोणी विचारलं नव्हतं.
हजारोंचे जबडे धुऊन वाळत घातले मी,
माझा एकही नाही.
परवा पेशंट नव्हता, डॉक्टर म्हणाल्या,
बस नी शालन, नवीन पट्टी तपासायची आहे.
बसले. आ केला.
आणि पडद्यावर, अगदी मागे, हाडाच्या आत,
एक अक्कलदाढ आडवी, पुढचीला डोकं टेकून,
कधीच वर न आलेली.

दुखते?
नाही.
मग राहू दे. दर वर्षी बघत जाऊ.

डॉक्टरांनी नाव टाकलं: तावडे, शालन. एक.

काळोख्या खोलीत आता हातमोज्यांचे खोके, बादली, मॉप.
मोरीत ते पिवळं पाणी जात नाही, बरंच झालं.
कुणी थांबत नाही, कुणाची भीती फुगत नाही,
हेही बरंच.
पण ती पाच मिनिटं माझी होती.
तिथे मी दिवाळीचे हिशेब केले,
थोरलीच्या वेळी चोरून चिंच खाल्ली,
आई गेल्याचा फोन आला तेव्हा
एक फिल्म जास्तच वेळ बुडवून ठेवली.

कापूस घ्यायला आत जाते,
हात अजून जुन्याच बटणावर पडतो.
लाल दिवा लागतो.
खोके लाल, मॉप लाल.
बाहेरून डॉक्टर हाक मारतात,
शालन, आलं बघ चित्र.